टपाल तिकिटाची कंडिशन म्हणजे नक्की काय बघतात आणि किंमत एवढी का पडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आजोबांच्या अल्बममध्ये गांधीजींचं १९४८ चं दहा रुपयांचं तिकीट निघालं, व्हिक्टोरिया राणीची बरीच वापरलेली तिकिटं आहेत, चार आण्याचं एक आठ कोपरे ठेवून कापलेलं आहे आणि सोबत दोनचार जुनी पत्रं. कॅटलॉगमध्ये किंमत बघून तुम्ही खूश झालात, आणि दुकानदार म्हणाला मागे हिंज आहे (अल्बममध्ये तिकीट चिकटवायची छोटी डिंकाची कागदी पट्टी), पिवळे डाग आहेत, चौथाईपेक्षा जास्त देणार नाही. तर तो फसवतोय का? तिकीट हातात न घेता मला ते सांगता येणार नाही, पण तो जी कारणं देतोय ती खरी आहेत, तुम्हाला बघून तयार केलेली नाहीत.

आधी कॅटलॉगबद्दल, कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो. स्टॅन्ली गिबन्स या तिकिटं विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे ती कंपनी चांगल्या कंडिशनचं तिकीट साधारण कितीला विकेल तो आकडा. म्हणजे एकतर तो विकण्याचा भाव आहे, तुमच्याकडून घेण्याचा नाही, आणि दुसरं म्हणजे तो चांगल्या मालाचा भाव आहे. तुमच्या तिकिटात जे जे कमी असेल ते त्यातून वजा करत जायचं, आणि ही वजाबाकी शेकड्याने पाचदहा टक्के अशी नसते हो, एका दोषात अर्धी किंमत गेलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय.

पण कंडिशन म्हणजेच सगळं असंही नाही. माझं सरळ मत असं आहे की आधी विचारायचं अशी तिकिटं किती शिल्लक आहेत आणि किती लोकांना हवीयत, आणि त्यानंतर कंडिशन. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं लाखोंनी छापलेलं एखादं साधं स्मारक तिकीट अगदी कालच पोस्टातून आणल्यासारखं कोरं असलं तरी ते दहावीस रुपयांचंच, कंडिशन त्याला श्रीमंत करू शकत नाही. उलट टोकाला ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट बघा, कोपरे कापलेले, रंग मळलेला, वर शाईने सही, दिसायला इतकं गबाळं की माहीत नसलेला माणूस अल्बममधून काढून टाकेल, पण जगात एकच आहे म्हणून २०१४ साली साधारण ९५ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ ला पुन्हा ८३ लाखांच्या आसपास. तिथे कंडिशन कोण विचारतो. कंडिशनचा खरा खेळ या दोघांच्या मधे चालतो, जिथे तिकीट दुर्मिळ नाही पण सहज मिळणारंही नाही, आणि मागणी भरपूर. गांधी दहा रुपये नेमकं तिथलं आहे, म्हणून तुम्हाला एवढा झटका बसला.

तर गांधी. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, वर देवनागरी आणि उर्दूत बापू लिहिलेलं. दीड आण्याचं वापरलेलं आजही किरकोळीत मिळतं. दहा रुपये म्हणजे त्या काळी फारच मोठी रक्कम, सामान्य माणसाने पत्राला कधी लावलं नाही, म्हणून ते खास. आता यात पायऱ्या कशा पडतात ते बघा. सगळ्यात वर मागचा डिंक पूर्ण शाबूत, हिंज कधीच न लागलेलं, डाग नसलेलं, दाते म्हणजे कडेच्या छिद्रांवर फाडून उरलेली टोकं सगळी धड, यालाच लोक एमएनएच म्हणतात. त्याच्या खाली हलक्या हिंजचं. त्याच्या खाली जाड हिंज किंवा हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघालेलं. मग टोनिंगवालं, म्हणजे पिवळे डाग पडलेलं, मग डिंक धुवून टाकलेलं. माझ्या अंदाजाने वरच्या पायरीवरून हलक्या हिंजवर येताना साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी किंमत जाते, आणि डाग आणि हिंज दोन्ही असले की चौथाईपर्यंत सहज येतं, म्हणजे तुमच्या दुकानदाराचं गणित फार काही चुकीचं दिसत नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. हिंज हा दोष आहे की नाही हे तिकिटाच्या वयावर ठरतं. पूर्वी सगळेच हिंज लावायचे, दुसरी पद्धतच नव्हती, त्यामुळे गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये व्हिक्टोरियापासून पाचव्या जॉर्जपर्यंतच्या कोऱ्या तिकिटांच्या किमती हलकं हिंज लागलेलं धरूनच दिलेल्या असतात, आणि १९३६ नंतरच्या म्हणजे आठव्या एडवर्डपासून पुढे हिंज न लागलेलं धरून. म्हणजे पाचव्या जॉर्जच्या तिकिटामागे हलकं हिंज असेल तर तुमचा भाव कोणी कापू नये, उलट तसं अजिबात हिंज नसलेलं मिळालं तर वर जास्त पैसे मागा, पण १९४८ च्या गांधीला हिंज असेल तर कॅटलॉगच्या आकड्यातून वजा होणारच. दुकानदाराने जर जॉर्जच्या तिकिटांनाही हेच कारण सांगून भाव पाडला असेल तर मात्र तिथे वाद घाला.

पिवळ्या-तपकिरी डागांना आपल्याकडे टोनिंग किंवा सरळ गंज म्हणतात, गंज नाही तो, बहुतेक वेळा बुरशी असते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या अल्बमांचा हा कायमचा रोग, आणि साधा नियम असा की डाग फक्त मागे डिंकावर असतील तर त्रास कमी, दात्यांच्या टोकांवर आले की डोळ्यात भरतात, आणि पुढून चेहऱ्यावर दिसले की तिकिटाचं काम झालं. शिवाय तो डाग थांबत नाही, ओल मिळाली की शेजारच्या तिकिटावर जातो. म्हणून डागाळलेलं तिकीट आजच्या आज बाकीच्यांपासून वेगळं करा, त्याला काय भाव येईल ते नंतर बघू. लोक क्लोरामाइन टी वगैरे रसायन लावून डाग घालवतात, जातातही, पण डिंक जातो, कधीकधी रंग जातो, आणि कागद अतिनील दिव्याखाली वेगळाच दिसायला लागतो. मी कधी कोणाला सुचवत नाही.

डिंकाचं वेड मला स्वतःला थोडं अति वाटतं, खरं सांगायचं तर तिकिटाची मागची बाजू अल्बममध्ये कोणी बघत नाही, पण बाजार माझ्या मतावर चालत नाही. आणि वेड आहे म्हणूनच फसवणूक आहे, डिंक नसलेल्या तिकिटाला नवा डिंक लावून देणारे आहेत. ओळखायचं कसं, तर दात्यांची टोकं भिंगाखाली बघा. मूळ तिकिटाला आधी डिंक मग दाते पाडलेले असतात, त्यामुळे टोकाला कागदाचे मऊ तंतू सुटे दिसतात. नंतर डिंक लावला की तो तंतूंमध्ये झिरपतो आणि टोकं कडक होतात, बोटाला टोचतात. हे एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

आता तुमची व्हिक्टोरियाची वापरलेली. यात अर्ध्या आण्याची, एक आण्याची जी परफोरेटेड म्हणजे दातेवाली आहेत ती कोट्यवधींनी वापरली गेली, ती छान असोत की फाटकी, फार आशा ठेवू नका. पण फेकू नका, शिक्के बघा. वापरलेल्या तिकिटात कंडिशन म्हणजे निम्मा शिक्काच. काळा बरबटलेला शिक्का चेहऱ्यावर आला की किंमत पडते, आणि गोल शिक्का बरोबर मध्यावर, गाव आणि तारीख वाचता येईल असा असेल तर त्याच तिकिटाला वेगळे गिऱ्हाईक असतं. त्यातही गंमत म्हणजे कधीकधी तो काळाकुट्ट शिक्काच सोनं असतो. त्या काळी हिंदुस्थानची तिकिटं सिंगापूर, पिनांग, एडन इथेही चालायची, सिंगापूरच्या शिक्क्यात बी १७२ असा नंबर यायचा, एडनला १२४. असा नंबर तुमच्या मळक्या तिकिटावर निघाला तर ते स्वच्छ तिकिटापेक्षा कितीतरी जास्तीला जातं, तिथे शिक्का बरबटला तर हरकत नाही, नंबर दिसायला हवा. दुसरीकडे मोठ्या किमतीच्या तिकिटांवर तारेचा शिक्का असेल, म्हणजे ते टेलिग्रामच्या फॉर्मवर लावलेलं असेल, किंवा पेनने रेघ मारलेली असेल तर टपालात वापरलेल्यापेक्षा बराच कमी भाव. पेनची रेघ धुवून कोरं म्हणून विकणं हा फार जुना धंदा, अतिनील दिवा असेल तर बऱ्याचदा पकडता येतो.

ते आठ कोपऱ्यांचं चार आण्याचं, ते १८५४ चं असावं, निळं डोकं आणि लाल चौकट, कलकत्त्याला दगडी छपाईने छापलेलं, दाते नसलेलं. हे तिकीट कात्रीने कापायचं असायचं आणि नक्षी अष्टकोनी असल्यामुळे लोकांनी नक्षीच्या कडेने सुंदर कापलं, टपाल खात्याला काही फरक पडत नव्हता, आपल्याला पडतो. चौकोनी, चारही बाजूंना कागद सोडून कापलेलं असेल तर त्याला पूर्ण किंमत, अष्टकोनी कापलेल्याला तिचा एक छोटा तुकडा. याच तिकिटात डोकं उलटं छापलेलं एक प्रसिद्ध चूकतिकीट आहे, त्याचेही बहुतेक नमुने अष्टकोनीच कापलेले आहेत, चौकोनी बोटावर मोजण्याइतके, आणि तिथे मात्र अष्टकोनीसुद्धा प्रचंड महाग. म्हणून तुमच्याकडचं एकदा नीट बघा, चौकटीतली अक्षरं सरळ धरून डोकं सरळ आहे ना. सरळच असणार, पण बघायला काय जातं.

दाते नसलेल्या तिकिटांची अख्खी कंडिशन मार्जिनवर, म्हणजे नक्षीभोवती सोडलेल्या कोऱ्या कडेवर ठरते हे समजायचं असेल तर इंग्लंडच्या पेनी ब्लॅकसारखं उदाहरण नाही. १८४० चं, जगातलं पहिलं तिकीट, सुमारे ६ कोटी ८० लाख छापली, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, आजही कुठल्याही लिलावात ढिगाने असतात. पण पोस्टातले कारकून आणि लोक घाईघाईत कापायचे, त्यामुळे चारही बाजूंना स्वच्छ पांढरी कड असलेलं कमी. एका बाजूने नक्षीत कात्री गेलेलं आणि चारही कडा धड असलेलं, दोन्ही एकाच शीटमधली असू शकतात आणि भावात कित्येक पटींचा फरक असतो.

पण एकच मोजपट्टी सगळ्यांना लावू नका, इथे नवखे लोक आणि काही दुकानदारही चुकतात. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२०च्या दशकात छपाई सुरू झाली, तिथल्या जुन्या तिकिटांचं सेंटरिंग, म्हणजे नक्षी मधोमध बसणं, बऱ्याचदा एका बाजूला सरकलेलं आणि दाते थोडे खडबडीत असतात, त्याला स्विस छपाईच्या गांधीची शिस्त लावलीत तर काहीच पसंत पडणार नाही. पुण्याजवळच्या भोर संस्थानाची १८७९ ची तिकिटं हाताने ठसे मारलेली, देशी कागदावर, ती वाकडीतिकडी असणारच, वाकडेपणा हा तिथे दोष धरत नाहीत. सिंध डाक, १८५२ साली तिथला ब्रिटिश कमिशनर बार्टल फ्रियरने सिंधमध्ये काढलेलं अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, त्यातलं लाल तर लाखेसारख्या ठिसूळ थरावर उठवलेलं आहे, नुसतं हाताळलं तरी तडकायचं, त्यामुळे तडा असलेलंही लोक आनंदाने घेतात. तडा नसलेलं कोणी स्वस्तात दाखवलं तर मी आधी घाबरतो.

आता लपवलेले दोष, कारण दुकानदार तिकीट चिमट्याने उचलून उजेडात धरतो ते यासाठीच. पुढून सुंदर तिकीट मागून पातळ झालेलं असू शकतं, याला थिन म्हणतात, हिंज ओढल्याने होतं. घडी पडून नंतर दाबून सपाट केलेली असू शकते. काळ्या ट्रेमध्ये तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले की पातळ जागा काळी दिसते आणि घडीची रेघ उमटते, वॉटरमार्क म्हणजे कागदातली छुपी खूणही तशीच दिसते. हे खिडकी उघडून करा, आणि फोटोग्राव्ह्युअर छपाईच्या तिकिटांवर करू नका, काहींची शाई त्यात सुटते, आणि गांधी त्याच छपाईचा, म्हणजे तुमच्या गांधीवर नकोच, तो नुसता उजेडात धरून बघा. तुटके दाते बुजवून नवीन दाते पाडलेले असतात, ते दाते मोजायच्या पट्टीवर जुळत नाहीत, गांधीचे दाते साडेअकराच्या मापाचे, म्हणजे दोन सेंटीमीटरला साडेअकरा आहेत हे लक्षात ठेवा. गांधी दहा रुपयांची नकली तिकिटं भरपूर फिरतात. भिंगाखाली ऑफसेट छपाईचे मोठे रंगीत ठिपके दिसले तर कंडिशनचा प्रश्नच संपला. आणि त्यावर काळ्या अक्षरात सर्व्हिस (म्हणजे सरकारी वापरासाठी) छापलेलं असेल तर शंभर टक्के शंका घ्या. खरी गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी फक्त १०० छापली होती, त्यातल्या चारच्या पट्टीला २०१७ साली ५ लाख पौंड मिळाले, त्यामुळे खोटं सर्व्हिस मारायला लोकांना फार मोह होतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र घरच्याच लोकांनी सुधारायला जाऊन केलेलं असतं. रबराने मळ पुसणं, दाते कात्रीने सरळ करणं, फाटलेल्याला मागून सेलोटेप, अल्बममध्ये फेव्हिकॉल. सेलोटेपचा चिकट थर वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो, तो मग निघत नाही. पाण्यात भिजवायची घाई तर करूच नका. साधं वापरलेलं तिकीट कागदावरून काढायला कोमट पाणी चालतं, पण जम्मू-काश्मीरची सुरुवातीची गोल तिकिटं पाण्याच्या रंगात छापलेली होती, ती पाण्यात टाकली की रंग पाण्यात. इंग्लंडची १८८३-८४ ची हिरवी तिकिटंही तशीच, मुद्दाम अशी शाई वापरली होती की कोणी शिक्का धुवायला गेलं की रंग उतरावा, म्हणून फिकट पडलेल्यांना भाव नाही आणि कॅटलॉगची किंमत मूळ हिरव्या रंगाचीच असते. उन्हाचंही तेच. भिंतीवर फ्रेम करून लावलेली तिकिटं काही वर्षांत अर्धी उडतात, आणि रंग उडालेलं तिकीट बघून "अरे ही वेगळी छटा सापडली" म्हणणारे तर मला दर प्रदर्शनात भेटतात.

ती जी दोनचार पत्रं आहेत त्यांच्यावरची तिकिटं काढू नका, अगदी हात जोडून सांगतो. पाकिटासकट, शिक्क्यांसकट, पत्त्यासकट ती वस्तू पूर्ण आहे, तिकीट काढलं की एक साधं वापरलेलं तिकीट आणि एक रद्दीचा कागद उरतो. पाकीट फाडून उघडलेलं असेल, कडा कुरतडलेल्या असतील तरी तसंच ठेवा. पाकिटाच्या कंडिशनमध्ये लोक बरीच सूट देतात कारण ते वापरलेलंच असायचं, तिकीट पाकिटाच्या कडेवर दुमडून फाटलेलं असेल तेवढं मात्र मोजतात.

ठेवायचं कसं म्हणाल तर आपल्या हवेत पावसाळा काढणं हीच परीक्षा आहे. जुना अल्बम ज्यात पारदर्शक प्लास्टिकची चिकट पानं आहेत त्यातून तिकिटं आधी बाहेर काढा, पीव्हीसीचं प्लास्टिक काळाने मऊ होऊन तिकिटाला धरतं. चांगलं स्टॉकबुक, म्हणजे पट्ट्यांमागे तिकिटं खोचून ठेवायचं पुस्तक घ्या, त्यात तिकिटं चिमट्यानेच ठेवा, बोटांचा घाम डिंकावर उमटतो. पुस्तकं कपाटात उभी ठेवायची, आडवी थप्पी लावली की वजनाने दमट दिवसांत डिंक पानाला चिकटतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, लोखंडी पेटी तर नकोच, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऑक्टोबरची कोरडी हवा आली की एकेक पुस्तक उघडून पानं पंख्याखाली मोकळी करायची. चिकटलेली तिकिटं ओढून सोडवू नका. वापरलेली असतील तर पाणी, कोरी असतील तर आहेत तशीच एखाद्या जाणत्याकडे न्या.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. गांधी दहा रुपये आणि चार आण्याचं, ही दोन बाजूला काढा, वेगवेगळ्या पारदर्शक पाकिटात. चार आण्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे उजेडात, सावली न पडता, फ्लॅश न लावता फोटो घ्या, कारण फ्लॅशमध्ये टोनिंग दिसत नाही. गांधीचे तीन फोटो, पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात डिंकाची चमक दिसेल असा. मग निदान दोन वेगळ्या गावच्या दुकानदारांना किंवा लिलाव करणाऱ्यांना दाखवा, एकाला दुसऱ्याचा आकडा सांगू नका. हिंज आणि डाग असलेल्या गांधीसाठी परदेशी तज्ज्ञ समितीचं अस्सलपणाचं सर्टिफिकेट घ्यायचं का, तर डाग फक्त मागे असतील आणि तिकीट अस्सल वाटत असेल तर घ्या, पुढून डागाळलेलं असेल तर सर्टिफिकेटचा आणि टपालाचा खर्च बहुतेक भावातून निघणार नाही. अष्टकोनी चार आण्यासाठी डोकं सरळ असेल तर सर्टिफिकेट नको. बाकीची व्हिक्टोरियाची तिकिटं वजनावर विकायच्या आधी एक सुट्टीचा दिवस काढून शिक्के भिंगाखाली बघून टाका, बी १७२ किंवा १२४ दिसला तर ते मूळ दुकानदाराला दाखवायच्या आधी दुसरीकडे विचारा.